एमआर२ला दुसरं इंजिन: निवडीपासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत

दोन-अडीच हजार आरपीएमवर ॲक्सिलरेटर हलका धरला की खालून ठकठक येते आणि पाय उचलला की ती क्षणभर वाढते. रॉड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग, गेल्याची ही खूण. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज जाड असतो, आणि तो गाडीवर लोड पडला की येतो. कोणत्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय ते शोधायला चालू इंजिनावर एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. ज्याचा काढल्यावर ठकठक मंदावते, तो सिलिंडर. या गाडीत तिसरा निघाला.

गाडी टोयोटा एमआर२, एसडब्ल्यू२० पिढीची, १९९१ची टर्बो. इंजिन सीटच्या मागे, आडवं बसवलेलं ३एस-जीटीई: १९९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी, कॉम्प्रेशन रेशो ८.८. हे दुसऱ्या पिढीचं इंजिन, मंडळी ज्याला 'गेन २' म्हणतात ते.

आवाज ऐकून लगेच दुसरं इंजिन शोधायला पळायचं नाही. आधी ऑइल फिल्टर कापायचा. त्यासाठी फिल्टर कटरच हवा. हॅकसॉने कापला तर पत्र्याचा चुरा आत पडतो आणि कुठला कण कशाचा ते कळत नाही. आतला कागद ब्लेडने दोन्ही टोकांना सोडवायचा, निऱ्या उलगडायच्या, तेल निथळू द्यायचं आणि उन्हात धरून बघायचं. रुपेरी, चपटे, नखाने दबणारे कण बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. त्यात तांबूस झाक दिसली की वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडलाय असं समजायचं. मग कागदाखालून चुंबक फिरवायचा. जे सरकतं ते पोलाद, म्हणजे क्रँक, रॉड नाहीतर रिंग. या फिल्टरमध्ये जवळजवळ प्रत्येक निरीच्या तळाशी तांबूस रेघ होती. चुंबकाला मात्र अगदी थोडं लागलं.

सोबत मेकॅनिकल गेज लावून ऑइल प्रेशरही घेतलं. या एस मालिकेच्या इंजिनांना गरम असताना ३००० आरपीएमला ३६ ते ७१ पीएसआय अपेक्षित असतं. काटा तिशीच्याही खाली होता. त्यामुळे चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवण्यावाचून इलाज नव्हता.

नुसतं बेअरिंग बदलून भागेल का, हा पुढचा प्रश्न चेंबर काढल्यावर सुटला. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग नुसतं झिजलेलं नव्हतं, जागेवरून फिरलं होतं. शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल वाटीचा) कान तुटलेला, क्रँकचा जर्नल (बेअरिंग ज्यावर बसतं तो गुळगुळीत भाग) निळा पडलेला, रॉडचं मोठं डोळंही निळसर. शेल फिरलेलं नसेल आणि जर्नलवर नख अडकेल अशी रेघ नसेल, तर नवी शेल्स घालून पुढे जाता येतं. जर्नलवर रेघा असतील तर क्रँक ०.२५ मिमी ग्राइंड करून अंडरसाइज शेल घालता येतं. पण शेल फिरलं की रॉडचं भोक लंबगोल होतं. तो रॉड रीसाइज करावा लागतो किंवा बदलावा लागतो. आणि निळा पडलेला क्रँक ग्राइंड करून सरळ झाला तरी त्याच्या पृष्ठभागाची कठीणता गेलेली असते. क्रॅक टेस्ट केल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट बरेचजण विसरतात. फिरलेल्या बेअरिंगचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे जातो. ३एस-जीटीईमध्ये पिस्टनखाली तेल उडवणारे जेट आहेत, टर्बोला तेलाची बारीक लाइन आहे आणि फिल्टरजवळ पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर आहे. जेट काढून फुंकता येतात, लाइन बदलता येते. कूलरच्या आतल्या पापुद्र्यांत अडकलेला चुरा मात्र कशानेही खात्रीने निघत नाही. डिझेलने धुऊन, हवा मारून, चार वेळा स्वच्छ निघालेला कूलर नव्या इंजिनाला लावला की पहिल्या गरम तेलात तो पुन्हा चमचम सोडतो. जुना ऑइल कूलर थेट भंगारात. इथे काटकसर केली तर दुसरं इंजिनही पहिल्याच्या वाटेने जातं.

तर मग रीबिल्ड की बदली? क्रँक आणि रॉड वाचत असते तर रीबिल्डच. आतलं सगळं मोजून घातलेलं इंजिन कधीही अनोळखी जुन्या इंजिनापेक्षा बरं. पण इथे जुन्यातला फक्त ब्लॉक आणि हेड उरत होतं. चांगला क्रँक शोधा, चार रॉड जुळवा, ब्लॉक बोअर करून घ्या, आणि तोवर गाडी स्टँडवर. म्हणून बदली ठरली, आणि जुना ब्लॉक तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढेमागे सवडीने करायला ठेवून दिला.

आता खरी निवड. इथे बहुतेकांचं लक्ष अश्वशक्तीच्या आकड्यावर जातं. आम्ही उलटीकडून सुरुवात केली. एका कागदावर गाडीत इंजिनाला जे जे जोडलेलं असतं ते सगळं लिहून काढलं: गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल, चार माउंट, एक्झॉस्ट, इंटरकूलरचे पाइप, पुढच्या रेडिएटरकडे जाणारे पाण्याचे पाइप, पेट्रोलची येणारी आणि परतीची लाइन, थ्रॉटल केबल, एसी, अल्टरनेटर, टॅकोमीटर, टर्बोने वाढवलेला हवेचा दाब दाखवणारा बूस्ट गेज, वायरिंग. समोर प्रत्येक पर्यायाचा एक रकाना आणि त्यात फक्त 'तेच', 'जुळवावं लागेल' किंवा 'नवं बनवावं लागेल'. कागद भरला की निवड बरीचशी आपोआप होते.

सगळ्यात सोपा रकाना अर्थातच दुसऱ्या गेन २ इंजिनाचा. सगळीकडे 'तेच'. अडचण अशी की ही इंजिनं आता तिशी ओलांडलेली आहेत. शिवाय गेन २मध्ये टी-व्हीआयएस असतं, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधली झडपांची प्लेट. कमी आरपीएमवर ती अर्धे मार्ग बंद ठेवते. वयानुसार तिच्या दांड्या ढिल्या होतात. हवा मोजायलाही जुना झडपेचा फ्लो मीटर. अमेरिकी बाजारातल्या या इंजिनाचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) १२ पीएसआयच्या आसपास बूस्ट गेला की पेट्रोल तोडतो. तिथे दावा २०० अश्वशक्तीचा होता, जपानी आवृत्तीत २२५ पीएस.

गेन ३ हे १९९३च्या अखेरीस जपानी एमआर२मध्ये आलेलं, २४५ पीएसचं. टी-व्हीआयएस गेलं, फ्लो मीटर गेला, त्याजागी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आला. इंजेक्टर ५४० सीसीचे, टर्बो सीटी२६च्या जागी सीटी२०बी, कॉम्प्रेशन ८.५. ब्लॉकचं घराणं तेच असल्यामुळे माउंट आणि ई१५३ गिअरबॉक्स तसेच राहतात. रकान्यात 'जुळवावं लागेल' हे फक्त वायरिंगसमोर आणि थोडं इनटेकसमोर. हेच इंजिन सेलिका जीटी-फोरमधूनही मिळतं, पण तिथे इंटरकूलर पाण्याचा आहे आणि गिअरबॉक्स चारही चाकांचा, म्हणजे इथे निरुपयोगी. एमआर२मधूनच निघालेलं, त्याच्याच ईसीयूसकट मिळालं तर बरीच डोकेदुखी वाचते.

गेन ४ कॅल्डिना जीटी-टीमधलं, १९९७पासूनचं, २६० पीएस. कागदावर आकर्षक. डिस्ट्रिब्युटर नाही, प्रत्येक प्लगवर कॉइल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर एकाच ओतकामात. म्हणजे टर्बो बदलायचा झाला तर मॅनिफोल्डसकट. इंटरकूलर बॉनेटच्या खाली इंजिनाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे हवेचे सगळे मार्ग एमआर२मध्ये नव्याने वळवावे लागतात. वायरिंगही गेन ३पेक्षा लांबचं. वर्षभर हातात असेल आणि पाइप वेल्ड करायची हौस असेल तर घ्यावं. १५ पीएससाठी एवढा खटाटोप आम्हाला पटला नाही.

टर्बो नको असेल तर ३एस-जीईची बीम्स आवृत्ती: २०० पीएस, ७००० आरपीएमला. १९९७च्या शेवटी एमआर२मध्येच आलेली, त्यामुळे बसते नीट. त्याच नावाने अल्टेझातलं इंजिनही विकलं जातं. ते २१० पीएसचं आहे खरं, पण ते उभं बसवण्यासाठी बनलेलं, मागच्या चाकांच्या गाडीचं. चेंबर, इनटेक, पाण्याच्या वाटा सगळं वेगळं. नाव सारखं म्हणून उचललं आणि घरी आणल्यावर चेंबर सबफ्रेमवर टेकतोय असं कळलं, अशी फजिती सहज होते.

राहिले व्ही६. १एमझेड-एफई २९९४ सीसीचं, टायमिंग बेल्टचं. २जीआर-एफई ३४५६ सीसीचं, चेनचं, कॉम्प्रेशन १०.८, कॅम्रीमध्ये २६८ अश्वशक्ती. दोन्ही ॲल्युमिनियम ब्लॉकची, म्हणून लोखंडी ब्लॉक अधिक टर्बो अधिक इंटरकूलर यांच्या तुलनेत वजनाचा फरक वाटतो तेवढा पडत नाही. ई१५३ गिअरबॉक्स व्ही६ कॅम्रीतही होता, त्यामुळे तो जमतो. बूस्टची वाट न बघता खालपासून ओढणारं इंजिन हवं असेल तर २जीआरसारखं दुसरं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रकाना बघा. माउंट नवे. पुढच्या बँकेचा एक्झॉस्ट केबिनच्या भिंतीला लागून, म्हणजे उष्णतारोधक पत्रा हवा. कॅम्रीत पेट्रोलची परतीची लाइन नसते, त्यामुळे रेग्युलेटर वेगळा बसवावा लागतो. थ्रॉटल केबलचा नाही, वायरचा, म्हणून पेडलही बदला. चार सिलिंडरच्या टॅकोमीटरला सहा सिलिंडरचा सिग्नल दिला की तो दीडपट आकडा दाखवतो: खरे ४००० तर काट्यावर ६०००. स्टिअरिंग पंपाची गंमत वेगळीच. एसडब्ल्यू२०मध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंप विजेवर चालतो आणि गाडीच्या पुढच्या बाजूला असतो. कॅम्रीच्या इंजिनावरचा पंप काढून टाकावा लागतो आणि बेल्टचा मार्ग बदलावा लागतो. सुरुवातीच्या २जीआरमध्ये व्हीव्हीटी-आयच्या (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाच्या लाइनला एक रबरी तुकडा होता. तो फुटला की मिनिटभरात इंजिन कोरडं. टोयोटाने नंतर पूर्ण धातूची लाइन दिली. जुनं २जीआर घेतलंत तर गाडीत बसवण्याआधी ही लाइन बघाच, बसवल्यावर हात पोचत नाही.

मूळ गाडी विनाटर्बोची, ५एस-एफईची असेल तर कागद आणखी वेगळा. तिचा एस५४ गिअरबॉक्स टर्बोच्या टॉर्कसाठी नाही. ३एस-जीटीई घातलं की ई१५३ आणि त्याचे ॲक्सल आलेच. 'आत्ता इंजिन, गिअरबॉक्स नंतर बघू' हा बेत फार टिकत नाही.

इंजिन बदललं की नोंदणी आणि प्रदूषण चाचणीचे नियम लागू होतात. ते जिथली गाडी तिथले. पर्याय ठरवण्याआधी तेवढं विचारून घ्यायचं.

ठरलं गेन ३, आणि शक्य तर हाफ-कट, म्हणजे इंजिन आणि वायरिंगसकट कापून विकलेला गाडीचा अर्धा भाग. नुसतं लाँग ब्लॉक (ब्लॉक आणि हेड) स्वस्त पडतं, पण मग ईसीयू, इग्नायटर, मॅप सेन्सर, हवेच्या तापमानाचा सेन्सर, कॉइल, ब्रॅकेट, असे वीस-पंचवीस नग एकेक करून गोळा करावे लागतात. हाफ-कटमध्ये ते सगळं एका ठिकाणी असतं. घेताना एवढंच बघायचं की हार्नेस कुठून कापलंय. इंजिनाजवळ कापलं असेल तर ते हाफ-कट नव्हेच.

इंजिन जमिनीवर असताना तपासणं सोपं असतं, गाडीत गेल्यावर नाही. सुरुवात क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून हाताने फिरवण्यापासून. एक पूर्ण फेरी अडखळ न होता, फक्त कॉम्प्रेशनचा दाब जाणवत जायला हवी. बरेच दिवस पडून असलेल्या इंजिनाच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. आधी प्लगच्या भोकातून थोडं पातळ तेल सोडून रात्रभर ठेवायचं, मगच फिरवायचं.

कॉम्प्रेशन टेस्टसाठी गिअरबॉक्सचं घर आणि स्टार्टर लावलेला हवा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण सिलिंडरला हवाच पुरत नाही. थंड इंजिनावर आकडे कमी येतात. म्हणून आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जायचं. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा बघायचं. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्याहून भरवशाची लीक-डाउन टेस्ट: पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणून १०० पीएसआय हवा सोडायची. १० टक्क्यांपर्यंत गळती उत्तम, २०च्या वर गेली की हवा कुठून येते ते कान देऊन ऐकायचं. तेलाच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा, इनटेकमधून इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. पाण्यात बुडबुडे आले तर ते इंजिन तिथेच सोडून निघायचं.

एंडोस्कोप प्लगच्या भोकातून आत. भिंतीवर होनिंगची, म्हणजे कारखान्यात पाडलेल्या बारीक आडव्या-तिडव्या रेघांची, जाळी दिसायला हवी. चारपैकी एकाच पिस्टनचं डोकं घासून धुतल्यासारखं लख्ख असेल तर तिथे पाणी जात होतं. पिस्टनच्या कडेला बारीक टोचे असतील तर डिटोनेशन (पेट्रोलचा अनियंत्रित स्फोट) झालंय, आणि रिंगांमधली पट्टी तुटलेली असण्याची शक्यता धरायची. मग एंडोस्कोप टर्बोच्या तोंडात. सीटी२६चं टर्बाइनचं घर वेस्टगेटजवळ (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेजवळ) आणि दोन वाटांमधल्या भिंतीवर तडकतं, म्हणून इथेही तीच जागा नीट पाहिली. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवला तर आडवा किंचित खेळ असतोच, तो तेलाच्या थरासाठी सोडलेला असतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो रीबिल्ड धरून चालायचं.

शेवटी चेंबर काढायची परवानगी मागायची. विकणारे कुरकुरतात. पण चेंबर सीलंटने चिकटवलेला असतो, पातळ ब्लेडने कड सोडवली की निघतो. आत चमक नसेल तर एका रॉडची कॅप काढून शेल बघायचं. आम्ही तिसरीच काढली. शेल एकसारखं राखाडी, कुठेही तांबूस नाही. जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट असावी, हा साधारण हिशोब. प्लास्टिगेजची (दबून फट दाखवणारी मऊ) दोरी ठेवून, कॅप टॉर्कला घट्ट करून, पुन्हा काढून पट्टीशी ताडून पाहिलं. हिशोबाच्या आत निघाली. एवढं बघू देत नसेल तर मागितलेल्या किमतीत रीबिल्डचा खर्च धरून बोलायचं.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. गाडीचा जुना ईसीयू आणि गेन ३चा ईसीयू, दोघांच्या वायरिंगच्या आकृत्या शेजारी ठेवून तक्ता केला: पिन नंबर, वायरचा रंग, काम, गाडीच्या बाजूची वायर. टोयोटाच्या आकृतीत पहिलं अक्षर वायरच्या मूळ रंगाचं, दुसरं पट्ट्याचं असतं. काळी-लाल आणि लाल-काळी या दोन वेगळ्या वायरी आहेत, आणि जुन्या मळक्या हार्नेसमध्ये त्या हमखास अदलाबदल होतात. म्हणून रंगावर न जाता प्रत्येक वायर मल्टिमीटरने दोन्ही टोकांना तपासून मगच तक्त्यात टिक. जोड वळवून टेप मारायची नाही. क्रिंप करून वर उष्णतेने आकसणारी नळी.

एक तपासणी चुकवू नका: इंजेक्टरचा रोध. दोन-तीन ओहम निघाला तर तो लो इम्पीडन्स, १२ ते १६ निघाला तर हाय. लो इम्पीडन्सच्या इंजेक्टरला वाटेत रेझिस्टर पॅक लागतो. तो वगळला तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो, आणि दोष मात्र इंजेक्टरचाच वाटत राहतो.

इंजिन बाहेर असताना जे बदलायचं ते बदललंच: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचे पुढचा-मागचा सील, कॅम सील, क्लच आणि रिलीज बेअरिंग. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला पाण्याचा एक छोटा रबरी होज आहे. इंजिन गाडीत असताना त्याला हात पोचवणं म्हणजे शिक्षा. तो फुटायची वाट बघायची नाही. नॉक सेन्सरही तिथेच खाली, तेव्हा त्याची वायर त्याच बैठकीत. चेंबर उघडलेला होताच, त्यात आडवी बॅफल प्लेट घातली. लांब वळणावर जोरात गाडी टाकली की तेल एका बाजूला जाऊन पिकअप (पंपाकडे तेल ओढणारी नळी) उघडा पडतो, आणि या गाड्यांची रॉड बेअरिंगं बहुतेकदा तिथेच जातात.

बसवण्यात नवल काही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवर जोडून, गाडी पुरेशी उंच उचलून, खालून वर.

पाणी भरताना मात्र घाई नको. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांब पाइप. सगळं मिळून १३-१४ लिटर पाणी, आणि हवा अडकायला भरपूर जागा. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा. रेडिएटर आणि हीटरच्या हवा सोडायच्या बोल्टना पारदर्शक नळ्या लावून त्या वर बांधायच्या, बोल्ट सैल करायचे आणि मागच्या तोंडातून सावकाश भरत जायचं. नळ्यांमध्ये पाणी चढून बुडबुडे थांबले की बोल्ट बंद. हे नीट केलं नाही तर काटा मधोमध दिसतो आणि हेड मात्र कोरडं तापतं, कारण सेन्सर हवेत लटकलेला असतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी फिल्टर तेलाने भरून लावला, टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं तेल सोडलं, इएफआयचा फ्यूज काढला आणि प्लग बाहेर ठेवून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला, मध्ये विश्रांती. गेजचा काटा उठल्यावरच प्लग आणि फ्यूज जागेवर. सुरू झाल्यावर टायमिंग. डायग्नोसिस कनेक्टरमधले टीई१ आणि ई१ जोडूनच लाइट मारायचा, बेस १० अंश. ते न जोडता बघितलं तर ईसीयू स्वतःच टायमिंग हलवत असतो, आणि डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी समाधान होत नाही.

बाहेर काढण्याआधी हवेच्या पाइपांची गळती. टर्बोच्या तोंडाला डाट लावून १५ पीएसआय हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी. इथे गेन २ आणि गेन ३ यांचं वागणं वेगळं. फ्लो मीटरच्या गाडीत मोजलेली हवा वाटेत गळली की पेट्रोल जास्त पडतं, काळा धूर दिसतो, दोष कळतो. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब बघतो, त्यामुळे मिश्रण बरोबर राहतं आणि गाडी ठीक चालते. पण तेवढा बूस्ट भरायला टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरत असतो. म्हणून मॅपच्या गाडीत गळतीची तक्रार नसली तरी ही तपासणी करायचीच. यात इंटरकूलरच्या खालच्या क्लँपला बुडबुडे आले.

पहिले ५०० किलोमीटर वेस्टगेटच्या स्प्रिंगवरचाच बूस्ट, वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर) नजर. पूर्ण बूस्टला मिश्रण ११ ते ११.५च्या आसपास राहिलं. तेल आणि फिल्टर पहिल्यांदा ८० किलोमीटरला बदलला, आणि फिल्टर पुन्हा कापला. चमक नाही. दुसरा ८०० किलोमीटरला. त्याच्या निऱ्यांत धातू नव्हता, पण करड्या रबरासारखे तीन-चार बारीक धागे होते, बोटांत ताणले की लांबणारे. चेंबर लावताना सीलंट जास्त पडलेलं. आत दाबून निघालेली कड तुटून तेलात फिरत होती. सीलंटची कड ५ मिमीच्या आत पुरते, इथे दुप्पट जाड ओढलेली होती. धागे फिल्टरपर्यंत पोचले म्हणजे त्याआधीच्या पिकअपच्या जाळीवरही असणार. चेंबर पुन्हा उतरवला. जाळीच्या एका कडेला अंगठ्याच्या नखाएवढा गोळा चिकटलेला होता. जाळी साफ केली, दोन्ही कडा थिनरने पुसल्या, ३ मिमीची एकसारखी कड बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढली, पाच मिनिटांत चेंबर वर लावून घट्ट केला आणि रात्रभर तेल न घालता तसाच ठेवला.